सदाफुलीची एक व्हायल

तांबरमच्या आमच्या लॅबमध्ये दोनच गोष्टी साठायच्या, सदाफुलीच्या पाल्याची पोती आणि किस्से. पाल्यातून व्हिन्क्रिस्टीन, म्हणजे कॅन्सरचं औषध, काढायचा आमचा प्रयत्न. पोतंभर पाला भिजवा, गाळा, आटवा. तळाशी उरणार चिमूटभरही नाही. किस्से मात्र भरपूर!

*

पाला पुरवणाऱ्याला विचारलं, "इतकी रोपं मिळतात कुठे?"

तो खुशीत म्हणाला, "सुडुकाडु, सर!" म्हणजे स्मशान. त्या दुपारी कुणी डबा उघडला नाही. फक्त आमचे अटेंडंट रामोजीराव, तंजावरचे मराठी, शांतपणे दहीभात जेवले. म्हणाले, "मेलेली माणसं कुणाच्या डब्यात हात घालत नाहीत!"

*

हे औषध उन्हाने खराब होतं. मी एकदा फ्लास्क खिडकीत विसरलो. दोन महिन्यांची मेहनत गेली! लॅबच्या प्रमुख मॅडम एवढंच म्हणाल्या, "तुमच्या सांगलीत ऊन नसतं का?"

दुसऱ्या दिवशी रामोजीरावांनी माझ्या टेबलावरचं सगळं काळ्या कागदात गुंडाळलं. डबासुद्धा!

*

मग रामोजीरावांच्याच बायकोला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषध हेच.

"मॅडम, आपल्यातलं थोडं द्या ना."

"आपलं शुद्ध नाही, रामोजी. जीव जाईल."

"आठ वर्षं याचीच भांडी धुतो मी, आणि औषध दुकानातून आणू?"

मी हसलो. त्याची अजून लाज वाटते.

*

अण्णा नगरच्या दुकानातून रामोजीराव बर्फाच्या थर्मासात व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, आणायचे. कंडक्टरने विचारलं, "आइस्क्रीम का?"

"आमा, हो, घरी वाट बघतात!"

एकदा बस बंद पडली. दोन तास उन्हात, बर्फाचं पाणी झालं. त्या खेपेतली एक व्हायल बायकोला दिली गेली. महिन्याभरात ती गेली.

*

तेराव्यानंतर रामोजीराव दुसरी व्हायल घेऊन आले.

"त्याच खेपेची, मॅडम. सील फोडा, मशीनवर तपासा. माझ्या हातून औषध नासलं का, एवढं सांगा."

मॅडम ती घेऊन मशीनच्या खोलीत गेल्या, दार लावलं. तासाभराने बाहेर आल्या.

"औषध उत्तम आहे, रामोजी. तुमची काही चूक नाही."

म्हातारा माणूस स्टुलावर बसून रडला. मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे लॅबचा फ्रिज पुसत होते. मी मागेच उभा होतो. आतल्या कप्प्यात ती व्हायल होती. सील तसंच, न फोडलेलं.

रामोजीरावांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, परत ठेवली, फ्रिज लावला. मग मॅडमना कॉफी नेऊन दिली.