अर्थिंग ओके, म्हणे!

थांबा, हे आत्ताच लिहितो, छातीत मावत नाई! रिटायर झालो, पण ती केस अजूनही काल घडल्यासारखी डोळ्यासमोर उभी राह्यते.

मी भद्रावतीकडं ठाण्यात होतो. एका घरात नर्सिंगच्या सहा पोरी भाड्यानं राहत. सकाळीच एकीले बाथरूममध्ये करंट लागला. जीव वाचला, पण हात भाजला, चंद्रपूरले भरती. घरमालक लगेच ठाण्यात हजर, हातात विजेच्या तपासणीचा रिपोर्ट.

"पाहा साहेब, मागच्याच महिन्यात तपासलं. अर्थिंग ओके. दोष त्या पोरीच्या हिटर रॉडचा."

रॉड होता तिच्या रूममेटचा. मूल गावाकडची, धान पिकवणाऱ्या घरची पोरगी. निष्काळजीपणाचा गुन्हा लागला असता तर तिचं कॉलेज सुटलंच समजा. जबाब घेताना ती एकच म्हणे, "सर, रॉड तर पेटीत होता."

दुपारी पोरींले डबे देणारी बाई ठाण्यात आली. ठाणे अंमलदार म्हणे, "काऊन बाई, आज आमच्यासाठी डबा?"

"डबा नाई, गोष्ट आणली. साहेब, त्या घरी पोरी रबरी चपला घालून न्हातात. काऊन, ते विचारा."

विचारलं. नळालेच करंट येत होता, किती महिन्यांपासून! मालकाले सांगितलं तर म्हणे, चपला घाला. पण पंचनाम्याले गेलो तोवर पाण्याची मोटार बदललेली, नळात काहीच नाई. पोरींकडं फक्त शब्द, मालकाकडं सही-शिक्क्याचा कागद.

मग मी कागदच धरला. माहे वडील खाणीत वायरमन. लहानपणी पाहिलंय, अर्थिंग म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी तार; ते मोजायचं तर मशीनच्या लोखंडी खुंट्या घराबाहेर मातीत ठोकाव्या लागतात. रिपोर्टवाल्या इलेक्ट्रिशियनले बोलावलं. ओरडलो नाई, चहा पाजला.

"भाऊ, मशीन घ्या. तेव्हा मोजलं तसंच दाखवा."

पंचांसमोर तो हातोडा घेऊन अंगणात उभा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचा जुना कोबा, शेवाळ धरलेला, एक भोक नाई! बाहेर रस्ताही सिमेंटचा.

"ठोका ना," मी म्हटलं.

त्यानं हातोडा खाली ठेवला. "साहेब, मी या घरात पायच ठेवला नाई. मालकाच्या दुकानात बसून भरला कागद."

मालक खेकसला, "अबे, तुले बोलायले कोणं सांगतलं!"

पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाई, पण कोबा टिकते! तो पंचनाम्यात घेतला. जुनी मोटार मेकॅनिककडं सापडली, आतली वायर जळालेली, तिथूनच करंट नळात उतरत होता. गुन्हा मालक अन् इलेक्ट्रिशियन, दोघांवर. मूलची पोरगी आरोपी नाई, साक्षीदार झाली, पुढं नर्सही झाली.

नोकरीत खूनही उलगडले, पण अशी छाती फुगली नाई. तेव्हा कळलं, हात उचलणाराच गुन्हेगार नसते. जायचं तिथं न जाता सही मारणाराही तेवढाच. म्हणून कागदावर काय लिहिलं ते नंतर, लिहिणारा तिथं गेला होता का, हे आधी पाहायचं.

तुमच्या भाड्याच्या खोलीत तपासणारा खरंच आत आला होता? का तुमच्यासंगही असंच झालं? सांगा ना!