काळा पडलेला फोटो

लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की अकोल्यातले ग्राहक आयोगासमोरचे झेरॉक्सचे दुकान आठवते. सुनावणीची बातमी करायला आलेला मी, ती सुरू होण्याआधी अकोटच्या एका फूलविक्रेत्याबरोबर तिथे उभा होतो. मुलीच्या मणक्यातला दोष ती पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसत होता, तरी डॉक्टरांनी 'सर्व ठीक' लिहिले, असा त्याचा दावा होता. पुरावा एकच, सोनोग्राफीचा छोटा फोटो. तो त्याने मला पाहायला दिला, मग लॅमिनेशनसाठी दुकानदाराला. "साहेबाले द्याचा आहे, खराब नाही झाला पाहिजे." यंत्रातून फोटो बाहेर आला तो पूर्ण काळा. "काहून काही दिसून नाही राहिलं?" मुलीला कडेवर घेतलेल्या त्याच्या बायकोने विचारले. उष्णतेने तो कागद काळा पडतो, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हते. तेवढ्यात पुकारा झाला. फूलविक्रेता फोटो शर्टावर पुसत आयोगाचा जिना चढला. निकालाच्या बातमीत मी 'पुराव्याअभावी तक्रार फेटाळली' असे लिहिले. पुरावा मी पाहिला होता, हे आज लिहितो आहे.