गोपाळ पाडेल्याची जबानी

गोपाळसारखा हेकट माणूस गोव्यातल्या आमच्या मांद्र्यात दुसरा नाही. चाळीस वर्षे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणारा हा पाडेली. गुडघे गेले, डॉक्टरांनी बजावले, शेजारी म्हणून मी दहादा भांडलो. पण हा ढिम्म. बायको गेल्यावर सुविधाला, त्याच्या एकुलत्या मुलीला, त्याने एकट्याने वाढवले. ती आमच्याच वाड्यावरच्या एका गेस्ट हाऊसमध्ये खोल्या आवरायची.

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी ती कामावरून परतलीच नाही. मॅनेजर प्रमोद म्हणाला, पाचलाच गेली. पोलीस म्हणाले, तरणी मुलगी, गेली असेल कुणाबरोबर, वाट बघा. ऐकून माझेच डोके फिरले. गेस्ट हाऊसच्या मागच्या दाराशी गोपाळने मात्र सुविधाच्या चपला पाहिल्या होत्या. अनवाणी पोरगी जाणार कुठे?

खरे काय ते आम्हाला नंतर कळले. खोली आवरताना प्रमोदच्या कपाटात तिला नऊ पासपोर्ट सापडले होते, तिथे डांबून राबवलेल्या परदेशी मुलींचे. तिने मोबाइलवर फोटो काढले आणि काढतानाच पकडली गेली.

बुधवारी भर दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, गोपाळ मागच्या कुंपणावरून आत शिरला आणि तिथल्या माडावर चढला. माडावर जाताना पाडेली मोठ्याने हाक घालतो, म्हणजे खालची माणसे बाजूला होतात. त्या दिवशी त्याने हाक घातली नाही. शेंड्यापाशी पोचल्यावर त्याला वरच्या मजल्याची खिडकी दिसली. आत सुविधा जमिनीवर बसली होती, हात बांधलेले.

उतरून माणसे गोळा करावी, असा त्याचा बेत. तेवढ्यात प्रमोदने मागच्या दाराशी जीप आणून लावली आणि तो जिना चढू लागला. त्या गुडघ्यांनी उतरायला पाच मिनिटे तरी गेली असती, आणि जीप तेवढी थांबणार नव्हती.

मग गोपाळने हाक घातली. "माड पाडतंय रे, बाजूक रवा!"

मी नुकताच जेवून आडवा झालो होतो. बायको म्हणाली, अहो, गेस्ट हाऊसच्या माडांची पाडणी दहा दिवसांमागेच झाली ना? एकदा पाडलेल्या माडाला दोन-तीन महिने कुणी हात लावत नाही, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. काहीतरी बिनसले आहे, असे म्हणत सगळी घरे बाहेर आली. प्रमोद डिचोलीचा, जन्म खाणीच्या ट्रकांवर काढलेला, माडांतले काही न कळणारा. पाडेली कामाला आला असेल असे समजून त्याने नुसता वर हात हलवला आणि सुविधाला ओढत खाली आणले.

पाडणीनंतर माडावर उरतात ती शहाळी, पाण्याने जड. पहिले जीपच्या काचेवर फुटले, दुसरे बॉनेटवर. आम्ही धावत गेलो तर फाटकाला कुलूप, आणि मागच्या कुंपणाला वळसा घालायला वेळ नव्हता. गजांतून दिसत होते सगळे, आणि करता काहीच येत नव्हते. प्रमोदने सुविधाचे केस मुठीत धरून तिला जीपमध्ये कोंबायला घेतले. मला वाटले, आता गेली पोर. तोच तिसरे शहाळे त्याच्या मानेवर आले.

सुविधा वाचली. प्रमोदही जगला, पण मानेखाली त्याचे अंग हलत नाही.

पोलीस चौकीवर जाताना वाटभर मी गोपाळला पढवत होतो: हातातून निसटले म्हण, बाकी काही बोलू नकोस. जबानी घेणारे हवालदार नारायण आमच्याच भागातले. कागदावरची मान वर न करता त्यांनीच विचारले, "शहाळा हातातसून निसाटला मां, गोपाळा?"

"नाय," गोपाळ म्हणाला. "मियां बघून टाकलंय."

मी बाकाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय मागे घेतला, एवढेच.

नारायणांनी पेन खाली ठेवले. पोरगी दोन हातांवर होती, तिलाच लागले असते तर, असे त्यांनी हळू विचारले. सुविधा बापाशेजारीच बसली होती, मनगटांवर दोरीचे वळ घेऊन. गोपाळने तिच्याकडे पाहिले नाही.

"मगे मियांय थयसून उडी मारलंय असतंय."

नारायणांनी पहिले उत्तर लिहिले. दुसरे लिहिले नाही.