नाव घेण्याचा इलाज

माझ्या मावशीला 'नाही' म्हणेल असा माणूस मेहकर तालुक्यात जन्मलाच नव्हता. जे म्हणायला गेले ते हातात दोन वांगी घेऊन आणि 'हो' म्हणून परतले. बाजारात एक शिपाई तिला जागेवरून उठवायला आला, तर त्यालाच टोपलीजवळ राखणीला बसवून ती चहा प्यायला निघून गेली. माझ्या शिकण्यालाही घरातून नकार होता. मावशीने माझ्या वडिलांना काही विचारलंच नाही. मला हाताला धरून आपल्या घरी नेलं आणि शाळेत घातलं. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी नागपूरला झालो, तो तिच्या मेथी-कोथिंबिरीच्या जोरावर.

अशा बाईचं तोंड एका सकाळी वाकडं झालं. उजवा डोळा मिटेना, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागला. गावाने 'वारं गेलं' म्हटलं आणि पदर पुढे ओढून घरात बसायला सांगितलं. मावशीने पदर कमरेला खोचला आणि बाजार गाठला. "तोंड वाकडं झालं, तराजू नाही झाला," असं ती गिऱ्हाइकांना सांगे.

पण वैशाखात मुलीचं लग्न होतं. विहिणींच्या पंगतीत मुलीच्या आईने नवऱ्याचं नाव घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. आणि मावसाजींचं नाव पुंजाजी. 'प'ला दोन्ही ओठ मिटावे लागतात, मावशीचे मिटत नव्हते. 'हुंजाजी' असं काहीतरी निघे. धाकट्या जावेने सुचवलं की आईच्या पाटावर यंदा आपणच बसू, विहिणींसमोर शोभा नको. त्या दिवशी मावशी जेवली नाही. तिला हरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती फौजेतून परतलेल्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांच्याकडे बिजलीची पेटी होती. मूठ फिरवली की तारेत झटके येत, आणि तारेच्या टोकाची ओली पट्टी लावली की झोपलेला गाल उडे. 'पेटीसाठी जाते' एवढंच ऐकून शेजारणींनी ती या वयात गाणं शिकते आहे असं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, झटका बसला की ओठ मिटणारा शब्द बोलायचा, 'पपई' म्हणा.

"पपई काऊन म्हणू?" मावशी म्हणाली. "लग्नात मले पपईचं नाव घ्यायचं हाय काय?"

आणि ओटीवर रोगी बसलेले असताना तिने नवऱ्याचं नाव पुकारलं. वीस वर्षांत त्यांना नावाने कधी हाक न मारलेली बाई! मावसाजी बाहेर कडुलिंबाखाली उभे होते, ते थेट मळ्यात जाऊन थांबले. चार दिवसांनी मात्र पेटीची मूठ तेच फिरवू लागले. रोज दहा झटके, दहा 'हुंजाजी'. वडीलधारी माणसं दवाखान्याचा रस्ता टाळू लागली. सासऱ्यांनी निरोप धाडला की बाईने मर्यादा सोडली. मावशीने उलटा निरोप धाडला, "मर्यादा मंग पाहू. आधी ओठ."

लग्नात पाटावर तीच बसली. ओठाचा उजवा कोपरा अजून ढिलाच होता.

"वाफ्यात लावली मेथी, दारात आली भाजी,
तोंड झाकून काऊन बसू, धनी माझे पुंजाजी."

'पुं'ला दोन्ही ओठ मिटले. जाऊ हातातला तांब्या तसाच धरून पाहत राहिली.

पुढे डॉक्टरच एकदा म्हणाले, असे चेहरे पुष्कळदा आपोआपही सुधारतात, पेटीने किती केलं ते सांगता येत नाही. मावशी चिडली. "नाव आपोआप कसं येईन? झटके मी खाल्ले नं."

मावसाजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. विधवेने नाव घ्यायची रीत नाही. परवा सुट्टीत गेलो, तर ती भाजीला पाणी देत होती आणि वाफा भरला की मोठ्याने, स्वच्छ 'पुंजाजी' म्हणत होती. मी बांधावर थांबलो. तिने मला पाहिलं, पण लाजली नाही.

"सवय ठेवा लागते बाप्पा," ती म्हणाली. "नाही तं ओठ पुन्हा झोपतीन."

आणि तिने पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं.