हलक्या लोखंडाचे तात्या

तात्यांनी मला फसवलं. माझ्याच दुकानात, माझ्याच काट्यावर, आणि वर मी त्यांना चहा पाजला.

बारामती एमआयडीसीजवळ माझं भंगाराचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली. वजनात मला कुणी मारलेलं नाही. तात्यांची हयात डेअरीत दुधाच्या नळ्या जोडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर ते निमगाव केतकीत सायकली दुरुस्त करायचे. कुठलीही नळी दिसली की नखानं टिचकी मारायची आणि कान लावायचा, ही त्यांची खोड. एका साहेबाच्या बंगल्यातून आलेल्या मालात डोंगरी सायकलीचा गंजका पोलादी सांगाडा होता. तात्यांनी टिचकी मारली, कान लावला आणि तोंड पाडून म्हणाले, "किलोच्या भावानं दे." मी दिला. खरी किंमत हलकेपणाची होती आणि मी तो विकला वजनावर.

काही महिन्यांनी ते त्याच सायकलीवर बसून दुकानात हजर. तेव्हा मी पुण्याहून आणलेली जाडजूड नळ्यांची ॲल्युमिनियमची महागडी सायकल मिरवत होतो. दोघं कालव्याच्या कडेनं वडगाव निंबाळकरकडे निघालो. मुरमाच्या रस्त्यावर माझी मनगटं बधिर झाली आणि साठी उलटलेले तात्या चढावर शीळ घालत पुढे. येताना अदलाबदल केली. खड्डा आला की ती सायकल तो स्वतःच्या अंगावर घ्यायची, मला नुसता निरोप पाठवायची. तात्या मागून म्हणाले, "शेठ, हलकं म्हंजी कमजोर न्हाय. उसागत बघ, नळी सांध्याला जाड, मधी पातळ. म्हणून ती लवती आन् परत येती."

सायकल मी तिथंच मागितली. चौपट देतो म्हणालो, माझी महागडी वर देतो म्हणालो. म्हातारा ढिम्म हलला नाही. "तुझ्या उंचीला ती तोकडी हाय. सायकल अंगाला बसाय लागती, सौद्याला न्हाय." मी भडकलो, वाटेल ते बोललो आणि बोलणं टाकलं.

एक दिवस तात्याच सुतळी घेऊन दुकानात आले. चार गिऱ्हाइकांसमोर मला उभं करून माझे पाय, हात, पाठ मोजली. "तुझी येगळी करू," म्हणाले. त्यांनी कुठून तरी तसल्याच पातळ नळ्या मिळवल्या आणि पितळेनं जोडायला घेतल्या. मी दर आठवड्याला निमगावला जाऊन कटकट करायचो. ते मान वर न करता म्हणायचे, "घाई केली की नळीला भोक पडतं. भांडायचं आसल तर भायेर बसून भांड." मी बाहेर बसून भांडायचो.

मग तात्या गेले. सकाळी उठलेच नाहीत. दहावं झाल्यावर त्यांच्या मुलानं माझ्या मापाचा सांगाडा आणून दिला. पुढचा त्रिकोण पुरा, सांधे बोटाला लागत नाहीत इतके साफ. मागच्या नळ्या सुट्या, सुतळीनं बांधलेल्या. एमआयडीसीतले तीन वेल्डर फिरलो. तिघंही म्हणाले, एवढ्या पातळ नळीला आम्ही हात लावत नाही, जळेल.

तात्या, मापं तुम्ही घेतलीत, करतो असं तुम्ही म्हणालात. आयुष्यभर सौदे केले, पण अर्धा माल हातात देऊन असं कुणी निघून गेलं नव्हतं. मागच्या नळ्या कोण जोडणार, ते मला आधी सांगा.