गुरुजींची गाळलेली ओळ

शाळेत प्रतिज्ञा म्हणण्याआधी शेख गुरुजी भांडणांची हजेरी घेत. काल कोण कुणाला चावलं, कुणी कुणाची चप्पल बाभळीवर फेकली, सगळं विचारून निकाल देत, "तू आन् तू. सगळे भाऊबंद हायेत म्हणायची ओळ आली की आज गप राहायचं. भांडण मिटलं की म्हणा." पाटोदा तालुक्यात आमच्याइतकं भांडखोर गाव दुसरं नाही. त्या ओळीला मैदान इतकं शांत व्हायचं की पलीकडच्या शिवारातली म्हैस रवंथ करताना ऐकू यायची.

कुणी "देवाची शप्पथ" म्हटलं की गुरुजी हसायचे. "देवाला कावून तरास देतो बे? त्याला बोलावलं की मला कळतं, तू खोटं बोलायलास." इतिहासाच्या तासालाही तेच. "शपथा घेणारे राजे लई झाले. पाळणारे तेवढे पाठ करा, एका पानात बसतात."

निवृत्तीनंतरच्या एका सव्वीस जानेवारीला घोटाळा झाला. सकाळीच गुरुजींची शेळी शेजारच्या बसवअप्पांच्या किराणा दुकानात शिरून हरभरा खाऊन आली. अप्पांच्या मते पोतंभर. तेवढ्यानं शेळीच काय, हत्तीसुद्धा फुटला असता. दोघांनी गल्ली दणाणून सोडली. दहा मिनिटांनी झेंडावंदन. गुरुजींनी सगळी प्रतिज्ञा खणखणीत म्हटली आणि भाऊबंदांच्या ओळीला तोंड मिटलं. कुणीतरी ते मोबाइलमध्ये टिपलं. दुपारपर्यंत गुरुजी प्रतिज्ञा म्हणत नव्हते. संध्याकाळपर्यंत ते देशच मानत नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना ग्रामपंचायतीत बोलावलं. तिथं सरपंचांचा पुतण्या पोलिसांत द्यायची तक्रार लिहूनच बसला होता. तो गुरुजींचाच विद्यार्थी. कागद ठाण्यात पोचला असता, तर सत्तरीच्या माणसाच्या नशिबी कोर्टाच्या खेपा आल्या असत्या.

"ओळ कावून गाळली, गुरुजी?" पुतण्यानं विचारलं.

"सकाळी अप्पाला गाढव म्हणलो. लगेच भाऊ कसा म्हणू? झेंड्यापुढं खोटं बोलू का?"

"भांडणाला साक्षीदार कोन?"

गल्ली अख्खी होती, पण आता सगळी आढ्याकडं बघत होती. उरले बसवअप्पा. "भांडण झालंच न्हाई," एवढं म्हटलं असतं तरी शेळीचा वचपा निघाला असता. अप्पा उठले. गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

"भांडण झालतं. गाढव म्हणला, चिंगूसबी म्हणला. म्या त्याच्या सात पिढ्या काढल्या. आन् धा मिनटांनी तीच ओळ मोठ्यानं म्हणलो. खोटं म्या बोललोय. कागदावर माझं नाव घाला."

गुरुजींनी अप्पांना मिठी वगैरे मारली नाही. हरभऱ्याचा वाद अजून शिल्लक होता. ते पुतण्याला म्हणाले, "कर तक्रार, बाळा. फकस्त सही करणारानं खाली लिहायचं, आपलं गावात कुणाशीबी भांडण न्हाई."

पुतण्याचा सख्ख्या भावाशी बांधावरून दावा चालू होता. त्यानं कागद शेजाऱ्याकडं सरकवला, शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडं. वीस माणसांतून फिरून तो बिनसहीचाच सरपंचांच्या टेबलावर आला.

गुरुजी जाऊन दोन वर्षं झाली. कागद अजून ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. त्यावर सही करणारा आमच्या गावात जन्मायचाय.