पोथीच्या आवाजातली बातमी

सोजरबाई मोशीच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, म्हणून भोसरीच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत पेपर वाचून दाखवायचं काम आपसूक त्यांच्याकडं आलं. श्रावणात गावच्या देवळात पोथीही त्याच वाचत. त्यामुळं पेपरही पोथीच्याच चालीवर यायचा. दुष्ट आला की आवाज चढायचा, आई आली की भरून यायचा.

ब्याऐंशीच्या चैत्रात पॅलेस्टाईनमधल्या निदर्शनांची बातमी आली. ‘दंगलखोर पोरांची सैनिकांवर दगडफेक.’ सोजरबाईंनी ती चढ्या सुरात वाचली. असल्या पोरांना फोडूनच काढलं पाहिजे, असं बायकांचं मत पडलं. त्यांच्यातल्या अंबुबाईंनी मात्र डबा अर्ध्यावरच झाकला. त्यांचा मुलगा ज्योतीराम गेल्या वर्षी इथल्याच संपात गेटवर मार खाऊन आला होता आणि पेपरानं त्यालाही दंगलखोरच म्हटलं होतं. अजून त्याला कुठं कुणी कामावर घेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी युनियनचे हिंदुराव वेगळा पेपर घेऊन आले. बातमी तीच, पण वर फोटो, मेलेल्या पोरापाशी बसलेल्या आईचा. सोजरबाईंचा आवाज आपोआप आईच्या सुरावर गेला. कागदावर नव्हतं तेही तोंडून गेलं, की आईनं पोराचं तोंड पदरानं पुसलं. बायकांनी डोळे टिपले. हिंदुराव खूश झाले. संध्याकाळच्या गेटसभेत असंच वाचा, म्हणाले, मग संपातल्या पोरांना परत घ्यायचा विषय काढतो. रडवल्याशिवाय माणूस हलत नाही.

नळावर हात धुताना अंबुबाई हळू आवाजात म्हणाल्या, “सोजराक्का, काल तुमी राग आणलात, आज रडवलंत. तिकडं झालं काय, ते कवा कळायचं? अन् तिकडच्या बायांना पदर असतो व्हय?”

सोजरबाईंचा चेहरा उतरला. पोथीत दुष्ट कोण हे आधीच ठरलेलं असतं. इथं ते कुणी ठरवलं होतं? आणि आपण ते सूर लावून वाचून मोकळ्या झालो.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही बातम्या वाचल्या, एकीमागं एक, सपाट आवाजात. पदराचं आपण घातलेलं, हेही सांगितलं. माणसं चुळबुळली, सायकली काढून निघाली. हिंदुरावांना विषय काढायला समोर कुणी उरलंच नाही.

“सभा मारलीत बाई,” एवढंच ते बोलले.

सोजरबाईंनी अंबुबाईंकडं पाहिलं. त्या मोकळ्या आवाराकडं बघत होत्या.

“खरं वाचलंत आक्का,” त्या म्हणाल्या. “पण माज्या ज्योतीचं ऐकायला आता कोण थांबलं?”